पंख्याखालच्या जावयाविषयी अभिप्राय

नागापूर, अहमदनगर
शुक्रवार, २९ ऑक्टोबर १९९९

चि. पंकजराव यांना रंभाजीचा सप्रेम जयभीम.

इकडे आम्ही दोघे ठीक आहोत. तुमच्या सासूबाईंचा गुडघा थंडी पडायच्या आधीच कुरकुरायला लागला आहे आणि माझं ब्लडप्रेशर गेल्या खेपेला तुम्ही मोजलंत तिथेच कुठेतरी आहे. चि. प्रज्ञाला सातवा लागला, तेव्हा पायाला सूज येते का, जेवण जातं का, हे सगळ्यात आधी विचार असं स्वयंपाकघरातून दोनदा सांगून झालं आहे, म्हणून सगळ्यात आधी विचारलं. (तिला फोनवर विचारलं तर ती "मजेत" एवढंच म्हणते. लहानपणी अंगात ताप असला तरी हेच म्हणायची.) पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं ही आमची इच्छा आणि ते पुण्यातच होईल हा तुमचा निर्णय, यावर ऑगस्टात आपलं बोलणं झालं आणि तुम्ही "बघू" म्हणालात. ते "बघू" अजून आमच्या घरात बसून आहे. पण आज मी त्यावर लिहिणार नाही. आज फक्त तुम्ही मागितलेलं काम.

तुमचं पत्र दसऱ्यानंतर मिळालं. आमच्या कारखान्यात बसवलेल्या फायरवॉलबद्दल वापरणाऱ्यांचे अभिप्राय कंपनीला हवे आहेत, ते काही न लपवता कळवावेत, आणि त्यावर तुमचं कायम होणं अवलंबून आहे, असं तुम्ही लिहिलं आहे. लग्नात तुम्ही साधं घड्याळसुद्धा घेतलं नाहीत, तेव्हा जावयाने सासऱ्याकडे काही मागण्याची ही पहिलीच वेळ. मी पेन्सिल कानावर ठेवून कारखानाभर फिरलो. आता काही न लपवता लिहितो, वाचताना जवळ पाण्याचा तांब्या असू द्या.

श्रावणात तुम्ही ते यंत्र बसवून गेलात. लोकांना सांगायला मी सोपं करून ठेवलं होतं की हा एक जुना कॉम्प्युटर आहे, याला पडदा नाही, बटणं नाहीत, आत लिनक्स नावाचा कारभारी आहे, आणि ऑफिसातले तीन कॉम्प्युटर व टेलिफोनची तार यांच्या मधे बसून कोणाला आत घ्यायचं ते तो ठरवतो. इथपर्यंत कोणाची तक्रार नव्हती. पण तुम्ही त्याला गरम हवा चालत नाही म्हणून अकाउंटंट गोरक्षचं टेबल हलवून बरोबर पंख्याखाली जागा दिलीत. हात लावू नका, बंद करू नका, वर चहाचा कप ठेवू नका, असंही बजावलंत. तुमची एसटी सुपे ओलांडते न ओलांडते तोच ऑफिसने यंत्राचं नाव "जावईबापू" ठेवलं. यात माझा काही हात नाही. पंख्याखाली बसतो, काम काय करतो ते दिसत नाही, आणि एकदा का नाराज झाला की सगळ्या घराचं अडतं, एवढ्या पुराव्यावर ते नाव पडलं आणि मला ते खोडता आलं नाही. तेव्हापासून मी स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजत असताना पलीकडून आरोळी येते की रंभाजी, तुमचे जावईबापू परत तोंड फिरवून बसले. मी सासरा असल्यामुळे मला उठून जावंच लागतं.

आता एकेकाचा अभिप्राय. गोरक्षचं म्हणणं असं की यंत्राची त्याच्यावर खुन्नस आहे. बाकी सगळं अडवलं तर अडवू दे, पण क्रिकेटचा स्कोअर अडवणारं यंत्र माणसाने बनवलेलं असूच शकत नाही असं त्याचं ठाम मत आहे. त्याने बरेच उपाय करून पाहिले. शेवटी शिर्डीहून आणलेला पेढा यंत्रापुढे ठेवला. स्कोअर आला नाही, मुंग्या आल्या. "देव बी इतका आडवत न्हाई," असं त्याचं वाक्य मी जसंच्या तसं टिपून घेतलं आहे. टायपिस्ट माधुरीचा भाऊ दुबईला असतो. तो ज्या फुकटच्या ईमेलवर बाळाचे फोटो पाठवतो ते पान तुमच्या यंत्राला मान्य नाही. बाळ रांगून आता उभं राहायला लागलं, आत्याने अजून तोंड पाहिलेलं नाही. तुम्ही तिला फोनवर सगळं समजावून सांगितलंत. तिला त्यातलं काहीच कळलं नाही, पण तुमचा आवाज फार शांत आहे असा तिचा अभिप्राय आहे आणि तो मी चांगल्यात धरला आहे.

गेटवरचा वॉचमन पुंजाराम तर कॉम्प्युटरला आयुष्यात शिवलेला नाही, पण सगळ्यात जास्त दुखावला गेला आहे तोच. कारखान्याला एक राखणदार असताना दुसरा कशाला, हा त्याचा सवाल. "मी मानूस बघून सोडतो. ह्यो न बघताच आडवितो. ह्येला काय राखन म्हनायची व्हय?" (पुंजाराम माणूस बघून सोडतो हे खरं आहे. ज्याच्याकडे तंबाखू दिसते त्याला सोडतो.) मालक राधाकृष्णशेठ यांचे अभिप्राय दोन आहेत. फोनचं बिल कमी आलं म्हणून सकाळी ते खूष असतात, आणि शेअरचे भाव दिसत नाहीत म्हणून दुपारनंतर नसतात. त्यांना अभिप्राय विचारायला मी सकाळीच गेलो होतो.

माझं स्वतःचं मत विचाराल तर मला त्या यंत्राचा नियम पहिल्या दिवशीच पटला. ज्याला परवानगी लिहून दिलेली नाही तो बाहेर. मी स्टोअरकीपर आहे, चिठ्ठीशिवाय वॉशरसुद्धा देत नाही, म्हणून या कारखान्यात माझ्याइतकं तुम्हाला समजून घेणारा दुसरा कोणी मिळणार नाही. स्टोअरमध्ये हा नियम मला फार आवडतो. घरात मात्र मला तो जड जातो आहे. (हे वाक्य अभिप्रायात धरू नये.)

पुढचं जरा बेतानं वाचा. धम्मचक्र दिनासाठी मी आणि तुमच्या सासूबाई नागपूरला गेलो होतो. खंडेनवमी त्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे आम्ही गाडीत होतो तेव्हा. कारखान्यात दरवर्षी त्या दिवशी लेथ, ड्रिल, टेम्पो, वजनकाटा, सगळ्यांची पूजा होते. पूजा, हळदकुंकू यातलं मला काही लागत नाही, त्यामुळे एरवी मी त्या दिवशी स्टोअरला कुलूप लावून पेपर वाचत बसतो, आणि निदान माझ्या हद्दीतल्या वस्तू नास्तिक राहतात. यंदा मी नव्हतो. टेम्पोचा हार घालून झाल्यावर कोणाला तरी आठवलं की सगळी यंत्रं इथे आली आणि जावईबापू आत एकटे बसले, हे बरं दिसत नाही. चांगल्या मनाची माणसं आहेत. त्यांनी तारा उपटल्या, यंत्र उचललं, ड्रिलशेजारी पाटावर बसवलं आणि लेथ पुसतात त्याच रॉकेलच्या फडक्याने पुसून काढलं. मग हळदकुंकू कुठे वाहायचं हा प्रश्न आला. यंत्राला पुढच्या अंगाला फ्लॉपीचं तोंड आहे. तोंड दिसल्यावर आपली माणसं काय करतात हे मी तुम्हाला सांगायला नको. कुंकू वाहिलं, अक्षता वाहिल्या, आणि नुसतं कोरडं नको म्हणून वरून चिमूटभर साखर सोडली. मागच्या अंगाला झेंडूची माळ घातली, ती त्याच्या पंख्याने थोडी थोडी ओढून घेतली असावी.

पूजा झाल्यावर यंत्र वाजतगाजत पुन्हा जागेवर आलं. जोडताना गोरक्षला कळलं नाही की कुठली तार कुठे होती, म्हणून त्याने टेलिफोनकडून येणारी तार सरळ स्वतःच्या कॉम्प्युटरमध्ये खुपसली. आणि चमत्कार झाला. स्कोअर आला. दुबईचं बाळ आलं. शेअरचे भाव, राशिभविष्य, नट्यांची चित्रं, सगळं धाडधाड यायला लागलं. सगळं ऑफिस त्या एका कॉम्प्युटरभोवती गोळा झालं, आणि पूजा पावली असं ठरलं.

यातलं काहीच मला माहीत नव्हतं. मी नागपूरहून आलो, हातात तुमचं पत्र पडलं, आणि मी विचारायला निघालो तर जो तो तुमचं कौतुक करतोय. वर लिहिलेले अभिप्राय मला त्यांच्या तोंडून जुन्या आठवणी म्हणून काढून घ्यावे लागले, कारण आताचे अभिप्राय अगदी वेगळे होते. "लई सुधारले बरं का जावईबापू," गोरक्ष म्हणाला. माधुरीने मला बाळाचा फोटो दाखवला. शेठ दुपारी सुद्धा हसले. दोन दिवस मी छाती काढून फिरलो, तुमच्या सासूबाईंना सांगितलं, त्यांनी शेजारी सांगितलं. तिसऱ्या दिवशी पंख्याखाली कुजलेल्या झेंडूचा वास यायला लागला म्हणून मी वाकून पाहिलं. यंत्राचा दिवा लागलेला नव्हता. ते चालूच नव्हतं. मी बटण दाबून पाहिलं, आतून साखर चावल्यासारखा आवाज आला आणि पुन्हा सगळं शांत झालं. म्हणजे तुमच्या यंत्राला आजवर मिळालेले सगळे चांगले अभिप्राय ते बंद पडल्यानंतरचे आहेत. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, पुष्कळ घरांतून जावयांबद्दल असंच बोललं जातं.

त्याच आठवड्यात दुसरा घोटाळा झाला. गोरक्षच्या कॉम्प्युटरमध्ये कुठून तरी काहीतरी शिरलं आणि आमच्या नावाने सगळ्या गिऱ्हाइकांना फटाक्यांचं चित्र गेलं. निम्म्या लोकांनी उलट दिवाळीच्या शुभेच्छा पाठवल्या. बाकीच्यांचे कॉम्प्युटर अडकले, आणि त्यांनी जे पाठवलं ते शेठनी दार लावून वाचलं. शेठनी मला बोलावून विचारलं की यंत्र चालू असतं तर हे थांबलं असतं का. मला ठाऊक नव्हतं. मी थांबलं असतं असं सांगितलं. तेव्हापासून शेठच्या तोंडी एकच आहे, की पंकजरावांना बोलवा, आणि दोन दिवसांसाठी नको, चांगले दोन-तीन महिने इथे बसवा, यंत्र दुरुस्त करू द्या आणि आमच्या माणसांना शिकवू द्या. कंपनीला तसं लेखी द्यायलाही ते तयार आहेत.

आता माझी अडचण. अभिप्राय तर दोन्ही तऱ्हेचे खरे आहेत. कौतुक पाठवलं तर तुम्ही पुण्यात कायम व्हाल, आणि पुण्यातच राहाल. तक्रार पाठवली तर कंपनीला कोणीतरी इकडे धाडावं लागेल. मी तुमच्या घरात लुडबूड करणारा सासरा नाही. पण ऑगस्टात प्रज्ञाला पाठवा म्हटल्यावर तुम्ही पुण्यातली हॉस्पिटलं, इकडची धूळ, वीज जाणं, असं बरंच सांगितलंत, तेव्हा मी तुमच्या तोंडाकडे बघत होतो. तुम्हाला तिच्याशिवाय करमत नाही, एवढंच खरं कारण आहे. यात लाजण्यासारखं काही नाही. मी हे घरी सांगितलं तेव्हा तुमच्या सासूबाईंचा राग एकदम उतरला. आम्हाला मुलगी इथे हवी आहे, फार हवी आहे, आणि हे मला याहून सजवून लिहिता येत नाही. तरी निर्णय तुमचा. कौतुक पाठवू की तक्रार ते सावकाश विचार करून कळवावं, घाई नाही.

प्रज्ञाला आशीर्वाद, आणि जिना चढताना कठडा धरायला सांगा.

तुमचा,
रंभाजी

ता. क. तुमच्या सासूबाई शेजारी बसून आहेत आणि मी लिहिलेलं त्यांना पसंत नाही. त्या सांगतात तसं लिहितो. "पंकजरावांस्नी म्हनावं, पोरगी तुमचीच हाय, आमी काय ठिवून घेत न्हाई. पर पहिल्या येळंला आईजवळ आसावं वाटतं तिला बी. ती बोलत न्हाई, मला कळतं. तुमी दोघं बी या. मागची खोली झाडून ठिवलीय, पंखा बी लावलाय."

दुसरा ता. क. यंत्र आता आमच्या घरी आणून ठेवलं आहे. त्या पंख्याखाली सध्या तेच आहे, पण तुम्ही आलात की त्याला उचलू.

तिसरा ता. क. वर घाई नाही असं लिहिलं ते सभ्यपणा म्हणून. तक्रार आज सकाळीच शेठच्या सहीने रजिस्टर करून तुमच्या कंपनीला गेली. यंत्र उत्तम आहे, चूक आमची आहे, पण ते बंद आहे आणि जानेवारी संपेपर्यंत इथे इंजिनिअर राहिल्याशिवाय आमचं चालणार नाही, असं त्यात आहे. त्यातलं खोटं काही नाही. तुमचं नाव मी मुद्दाम घालू दिलं नाही, सासऱ्याने वशिला लावला असं व्हायला नको. तेव्हा आता तुमच्याकडे काम एवढंच उरलं आहे, की सोमवारी साहेबांनी नगरला कोण जातं असं विचारलं, की हात वर करा.