मरळीतली नववी अळी

१ जुलै, शिंदखेडा
बदलीची शिक्षा म्हणून आले आणि चक्क सुखावले. जळगावात वीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं. इथे कॉलेजने स्वतंत्र खोली, बरा मायक्रोस्कोप आणि सुकलालभाऊंसारखा परिचर दिला. काम आवडीचं: तापीच्या माशांतले गोलकृमी ओळखून जातवार लावायचे. प्राचार्यांनी विचारलं, यातून समाजाला काय मिळणार? म्हटलं, माणसं जातवार लावण्यापेक्षा निरुपद्रवी उद्योग मिळेल.

४ जुलै
बाजारातल्या दगडीबाईंकडून ताजी मरळ आणली. यकृतात, मांसात वेटोळी घालून बसलेल्या अळ्या. प्रौढ व्हायला त्यांना मासे खाणारं कुणीतरी लागतं. डोकं फुगीर, त्यावर बारीक काट्यांच्या चार रांगा. काटे मोजले की जात ठरते. जिवंत अळ्या काचेच्या नळीने, तोंडाने ओढून उचलल्या. सुकलालभाऊ म्हणाले, रबरी फुगा वापरा. फुगा विद्यार्थ्यांसाठी. आमची पिढी तोंडानेच शिकली.

५ जुलै
अळ्या गरम अल्कोहोलमध्ये टाकल्या, सरळ झाल्या. मोजल्या, आठ. सुकलालभाऊ अडून बसले. "मॅडम, नऊच व्हतात. मी मोजेल शे."
म्हटलं, एक दगडीबाईंकडे परत गेली असेल. ते हसले नाहीत.

१९ जुलै
आधी पोट दुखलं. मग खांद्यावर सूज, दोन दिवसांनी मानेवर, काल गालावर. खालून वर. विषय माझाच, कुणाला विचारायला नको. नववी सापडली.

२३ जुलै
उजव्या डोळ्यापुढे काहीतरी वळवळायला लागलं, म्हणून धुळ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. म्हणाल्या, उजव्या डोळ्यात आहे, उद्याच लेझरने जाळू. नाहीतर आधी डोळा जाईल, मग मेंदू. जाळली तर जात कशी कळणार, असं विचारलं. वेडीकडे बघावं तसं बघितलं त्यांनी.
बघोत. माझ्यात फुकट राहणारीचं नाव कळल्याशिवाय तिला घालवणार नाही.

२४ जुलै, सकाळी
मायक्रोस्कोपखाली आठांतली एक. शेजारी दुसरी, हलणारी. स्लाइड काढली. पहिली गेली. दुसरी आहे.
वळली. डोकं माझ्याकडे. बरं. मोजते.
पहिली रांग त्रेचाळीस. दुसरी सेहेचाळीस. सुकलालभाऊ दार वाजवतायत, धुळ्याची गाडी लागली म्हणून. थांबा म्हटलं.

तिसरी सत्तेचाळीस. चौथी बावन्न. झालं. नेहमीचीच, म्हणजे —
नाही. खाली अजून एक रांग. पाचवी. पाच कुठल्याच पुस्तकात नाहीत. मग तुझं नाव मीच ठेवणार, भवाने.

कागद दिसत नाही. अंदाजाने —
सहावी. आत्ता उगवली. मोजते तशी वाढते. प्रौढ होतेय — माझ्यात —
उजवा मिटला. डाव्यात पण — ही दुसरीच, दहावी —
सुकलालभाऊ, दार फोडा, पण मला ओढू नका. लिहून घ्या. सहावी रांग. एक, दोन, ती