आडव्या 'र'च्या अकरा ओळी

सोमवार, २७ जानेवारी २०२५

४ जानेवारीच्या पानावर मी खोटं लिहिलंय. मुद्दाम नाही, पण खोटंच. तिथे आहे — 'माझ्या कन्व्हर्टरची पहिली ओळ मी घरी, स्वतःच्या लॅपटॉपवर लिहिली.' चूक! पहिल्या अकरा ओळी ऑफिसच्या लॅपटॉपवर लिहिल्या. साकीनाक्याच्या ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, डबा न उघडता. ऑगस्ट २०२३. आज जुना मेल सापडला. त्या ओळी मीच मला पाठवल्या होत्या, ऑफिसच्या पत्त्यावरून.

ते पान फाडणार नाही. खोडणारही नाही. आत्या म्हणते, छापलेलं खोडायचं नसतं, खाली चूकदुरुस्ती द्यायची. तर ही घ्या.

जुना मेल शोधायची वेळ आली कारण आज सगळ्यांना एक फॉर्म आलाय. 'खासगी कामासाठी मी कंपनीचे कोणतेही साधन वापरलेले नाही. वापरले असल्यास ते काम कंपनीच्या मालकीचे राहील.' खाली सही. मुदत २८ फेब्रुवारी.

मालकीचे! म्हणजे जुन्या मराठी फाँटचं माझं कन्व्हर्टर गेलं. त्याच्यावरचा माझा ब्लॉगही गेला. अकरा ओळींपायी पुढच्या चार हजार ओळी.

मंगळवार, २८ जानेवारी

फॉर्म चार वेळा उघडला. चार वेळा बंद केला.

गुरुवार, ३० जानेवारी

शेजारच्या टेबलावरच्या प्रांजलला सांगितलं. सांगायला नको होतं, पण पोटात राहिना.

"अकरा ओळी? लंच टाइममध्ये? अगं, कोण बघायला येणारे! सही कर आणि चहाला चल," तो म्हणाला.

"पण वापरला ना लॅपटॉप."

"तू ना संघमित्रा, ऑफिसच्या पेनने पाठ खाजवलीस तरी डिक्लेअर करशील."

हसले मी. पण सही नाही केली.

प्रांजलला वाटतं हा माझा टाइमपास आहे. टाइमपास! जुन्या डीटीपी फाँटमधलं मराठी मोबाइलवर उघडलं की नुसती खिचडी दिसते. वीस-वीस वर्षांच्या फाइली छापखान्यांत अशाच पडून आहेत. माझं कन्व्हर्टर त्या वाचता येतील अशा करून देतं. साकीनाका, घाटकोपर, मुलुंड — एक्केचाळीस छापखाने वापरतात. जाहिरात एका पैशाची नाही. ब्लॉग वाचून एक आला, त्याने दुसऱ्याला सांगितलं. साठ झाले की नोकरी सोडायची, असं मी दिवाळीत ठरवलं होतं. हे मात्र ४ जानेवारीच्या पानावर खरंच लिहिलंय, आत्ताच तपासलं.

रविवार, २ फेब्रुवारी

आज आत्याला सांगितलं. सुगंधाआत्या चष्मा लावून भाजी निवडत होती. निवडतेही प्रूफ तपासल्यासारखी.

तिने आयुष्यभर मुद्रितं तपासली. मी आठ वर्षांची होईपर्यंत शाळेत गेलेच नाही — आधी कावीळ, मग घर बदललं, प्रवेश हुकला. घाटकोपरच्या या खोलीत आत्याच माझी शाळा. पाटी नव्हती, प्रुफांच्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजू होत्या. एकदा तिने दोन शब्द लिहिले. दर्या. दऱ्या. म्हणाली, "एक कोळ्यांचा, एक डोंगरातल्या. फरक कुठाय?" मी बोट ठेवलं. "हा आडवा र. फार लोकांना दिसत नाही. तुला दिसला पाहिजे."

ब्लॉगचं नाव म्हणूनच 'आडवा र'. आणि त्या अकरा ओळीही त्याच्याच. पूर्वीचे ऑपरेटर घाईत आडवा र शोधत बसायचे नाहीत, सरळ वर रफार ठोकायचे. 'कर्मचार्यांना', 'पुजार्यांना', सगळं तसंच. कुठे रफार खरा आणि कुठे घाईचा, हे त्या अकरा ओळी ओळखतात. कन्व्हर्टरचा जीवच तो. म्हणून तर ब्लॉगवरही छापल्या होत्या. खाली लिहिलं होतं — वापरा, फक्त नाव द्या.

आत्याने सगळं ऐकलं. रागावली नाही. "लिहिलंस ना ऑफिसच्या मशिनीवर? मग लिहिलंस. खोटी सही करायची नाही."

"आणि सगळं त्यांना देऊन टाकायचं?"

"असं मी म्हणाले का?" — आणि मेथीची एक पिवळी काडी माझ्यासमोर धरली. "एवढी खराब आहे म्हणून जुडी टाकते का मी?"

शनिवार, ८ फेब्रुवारी



सकाळी दशरथकाकांचा फोन. साकीनाक्याला गाळ्यात त्यांचा छापखाना. माझे सगळ्यांत पहिले गिऱ्हाईक. नेहमीसारखं मालवणीत, "चेडवा, वायच येऊन जा गो." पोरी, जरा येऊन जा. आवाज शांत. शांत आवाज म्हणजे काहीतरी मोठं!

गेले. टेबलावर लग्नपत्रिकांचे गठ्ठे. जुन्या पत्रिकेचा मजकूर माझ्या कन्व्हर्टरमधून काढून नवी छापलेली. विक्रोळीचं लग्न, आमच्यातलंच. वर बुद्धाचं चित्र, खाली मंगल परिणय, आणि तिसऱ्या ओळीत — 'बौद्धाचाऱ्यांच्या हस्ते'.

बौद्धाचार्यांच्या नाही. बौद्धाचाऱ्यांच्या!

काका म्हणाले, "आता आचारी लगीन लावतलो काय गो?" मशिनीवरचे दोघं खिदळले. जमिनीने गिळलं तर बरं, असं मला वाटत होतं.

तिथेच कोड उघडला. आठवी ओळ. 'चार्यां' दिसलं की रफार काढ, आडवा र घाल. कर्मचाऱ्यांना, आचाऱ्यांना — बरोबर. बौद्धाचार्यांना — वाट लागली. माझं स्वतःचं लग्न, झालंच कधी तर, लावायला बौद्धाचार्यच येतील. आणि मला तो शब्द सुचला नाही! ऑफिसात बसून लिहिलं होतं, डोक्यात सगळे कर्मचारीच होते.

काका म्हणाले, मी परत छापतो, तू घरी जा. मी गेले नाही. विक्रोळीला गेले, मुलीच्या घरी, माफी मागायला. मुलीचे वडील पत्रिका लांब धरून वाचत राहिले. मग विचारलं, "आडनाव काय तुझं?" सांगितलं. ते ओरडले असते तर परवडलं असतं. एवढंच म्हणाले, "म्हणजे आपल्यातलीच. आपल्यातली असून, बाळा?"

चहा दिला. तो पिऊन निघाले.

घरी आल्यावर आत्या हसली आधी. खूप हसली, डोळे पुसले. मग तिची गोष्ट सांगितली. ती एका प्रकाशनात असताना भूगोलाच्या गाइडात तिच्या नजरेतून एक सुटलं होतं — 'सह्याद्रीत खोल दर्या आहेत.' वर्षभरात दुसऱ्याच एका प्रकाशनाचं गाइड आलं. त्यातही सह्याद्रीत खोल दर्या! आत्याच्या मालकाने दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली आणि त्या दुसऱ्या प्रकाशकाला बोलावलं. चोरी उघडी पडली.

"बरोबर मजकूर सगळ्यांचा सारखाच असतो गं. चूक मात्र ज्याची त्याची."

रविवार, ९ फेब्रुवारी

त्या अकरा ओळी काढून टाकल्या. सगळ्या. आत्या ओट्याशी शब्द सांगत गेली, मी माझ्या लॅपटॉपवर नव्याने लिहीत गेले. प्राचार्य, आचार्य, धर्माचार्य, बौद्धाचार्य एकीकडे. आचारी, कर्मचारी, ब्रह्मचारी दुसरीकडे. "व्यभिचारी घे," आत्या म्हणाली. आई आतून ओरडली, "काय शिकवतेस पोरीला!"

दुपारपर्यंत अकराच्या शेहेचाळीस ओळी झाल्या. आता कन्व्हर्टरमध्ये ऑफिसात लिहिलेलं एक अक्षर नाही. एक्केचाळीस जणांना कळवलं — चूक झाली होती, ही झाली होती, जुन्या फाइली तपासून घ्या. ब्लॉगवरच्या जुन्या लेखाखाली चूकदुरुस्ती अजून द्यायची आहे. धीर होत नाही. फॉर्म भरायच्या आधी त्या लेखाकडे कुणाचं लक्ष जायला नको, असं वाटतं.

हे वाटणं मला आवडलेलं नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

हर्षदने केबिनमध्ये बोलावलं. हर्षद आमचा मॅनेजर. दार लावलं, म्हणजे गोड बोलणार.

"फॉर्म तुझा एकटीचाच बाकी आहे."

सांगून टाकलं. अकरा ओळी, ऑगस्ट २०२३, जेवणाची सुट्टी. त्या मी काढून टाकल्यात, हेही. त्याने भुवया वर केल्या. मला वाटलं चिडेल. तो तर खूश झाला!

"मस्त यार! मग प्रॉब्लेमच नाही. काढल्या काय, ठेवल्या काय — सुरुवात इथेच झाली ना? कंपनीकडे दे ना सगळं. तसंही वरच्या मजल्यावर आपलं भाषेचं काम चाललंय. तू मराठीची हेड. तुझा छंद पण सांभाळला जाईल."

"छंद नाहीये तो."

"अगं, ब्लॉग म्हणजे छंदच ना."

"एक्केचाळीस छापखाने आहेत."

"एक्केचाळीस!" तो हसला. "आपण सत्तावीसला लाँच करतोय, मराठी दिनाला. स्टेजवर तुझं नाव घेऊ. विचार कर."

विचार केला. केबिनच्या दारापर्यंत जाईतो झाला. वळून म्हणाले, "'वापरलं, पण ते काढूनही टाकलं' असा रकाना फॉर्मवर नाहीये. मी हाताने लिहून देईन." तो म्हणाला, "काय लिहिणार?" मी म्हणाले, "खरं."

बाथरूममध्ये जाऊन रडले. तोंड धुतलं. पण बोलले!

गुरुवार, १३ फेब्रुवारी

बेचाळिसावा छापखाना. बोरीवलीचा. चूक कळवल्याचा मेल त्याच्या मित्राला गेला होता, तो वाचून आला. "चूक स्वतःहून सांगणारं कुणी बघितलं नव्हतं," म्हणे.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

आईला सांगितलं की कदाचित नोकरी सोडेन. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. मग म्हणाली, "साठचं ठरलं होतं ना तुझं?"

"हो."

"किती झाले?"

"बेचाळीस."

"मग अठरा कमी पडतात." भाकरी उलटून म्हणाली, "ते अठरा तुझे तूच ठरवले होतेस. कुणी दुसऱ्याने नाही."

हा होकार आहे की नाही, कळलं नाही. आत्या म्हणते होकारच आहे, तुझ्या आईचा असाच असतो.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

आज हर्षदने एक फाइल पाठवली. 'लाँचच्या डेमोचा मजकूर, एकदा नजर टाक, मराठी तुझंच चांगलं.' वरच्या मजल्यावरचं भाषेचं काम म्हणजे काय, ते मला आजच कळलं. जुन्या फाँटमधून मराठी बाहेर काढणारं सॉफ्टवेअर. कन्व्हर्टर!

तरी म्हटलं, कल्पना कुणालाही सुचू शकते. वाचत गेले. पान एक, एक परिपत्रक. 'कर्मचाऱ्यांना' बरोबर. पान दोन, लग्नपत्रिका. तिसरी ओळ.

'बौद्धाचाऱ्यांच्या हस्ते.'

बसल्या जागी कानशिलं तापली. आठवी ओळ! माझी आठवी ओळ, शब्द न् शब्द. ब्लॉगवरून उचललेली. नाव कुठेच नाही. पुढे चाळत गेले, शेवटच्या पानावर सॉफ्टवेअरचे नियम दिलेले — तेच नियम, तोच क्रम, अकराच्या अकरा. फॉर्मवर माझी सही मागण्याआधीच हे घेऊन बसलेत! सही फक्त घेतलेल्यावर पांघरूण घालायला हवीय.

पहिला विचार लिहून ठेवते, कारण तो आला होता. गप्प बसायचं. 'नजर टाकली, छान आहे' एवढं कळवायचं. सत्तावीसला मोठ्या पडद्यावर सगळ्यांसमोर आचाऱ्याने लग्न लावू दे. मग दोन्ही मजकूर शेजारी ठेवायचे, आत्याच्या मालकासारखे. अर्धा तास मी हेच चित्र बघत होते. मजा येत होती!

मग ते विक्रोळीचे वडील आठवले. पत्रिका लांब धरलेली. आपल्यातली असून, बाळा?

तो शब्द पुन्हा लोकांसमोर जाऊ द्यायचा, आणि तोही माझ्या हाताने, समजून-उमजून — नाही. माझ्याकडे प्रूफ आलंय. प्रूफ आलं की चूक दाखवायची, गाइड कुणाचंही असो.

आणि दाखवायची तर पूर्ण दाखवायची.

प्रांजलला डेमोचं पान आणि ब्लॉगवरचा माझा जुना लेख दाखवला. त्याने दोन्हीकडे बोट ठेवून ओळ न् ओळ ताडून बघितली. "वाट लागली यार," म्हणाला. मग हळूच, "तू चूक दाखवलीस की ते दुरुस्त करून मोकळे होतील. तुझ्या हातात काय राहील?"

"दाखवलेलं राहील ना. लेखी."

शनिवार, २२ फेब्रुवारी

हर्षदला पाठवायचा मेल तयार आहे. आत्याने तपासला, एक वेलांटी बदलली.

'पान दोन, ओळ तीन. "बौद्धाचाऱ्यांच्या" चूक, "बौद्धाचार्यांच्या" बरोबर. ही चूक माझी आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी माझ्या ब्लॉगवर माझ्या नावाने छापलेल्या अकरा ओळींपैकी ही आठवी. त्या अकरा ओळी मी ऑफिसच्या लॅपटॉपवर लिहिल्या होत्या, तेव्हा त्या तुम्ही ठेवा. चूक मात्र माझ्याच नावावर राहील.'

हाच मजकूर ब्लॉगवर, जुन्या लेखाखाली, चूकदुरुस्ती म्हणून. फॉर्म कोरा परत; खरं काय ते मेलमध्ये आहेच. सोबत राजीनामा.

सगळं जाणार सोमवारी, २४ फेब्रुवारीला. सकाळी अकरा वाजता.