काळ्या एलचा गुण

११ जानेवारी

बायको प्रमिलाचे गुडघे? जरा बरे. मुलगा निखिलची पाठ? दुखतेच — ऑफिसची खुर्ची! नात ईश्वरीचा खोकला? "आय ॲम फाइन, आबा!" माझी साखर? बेतात. रोजच्यासारखी सकाळी घरभर विचारपूस झाली. राहिला माझा जुना दोस्त जगन्नाथ. त्याचं विचारायला धीर होत नव्हता. संध्याकाळी सुलभावहिनींचाच खोर फक्कानहून फोन — "भावोजी, यांच्या लिव्हरला सूज आहे. डॉक्टर म्हणाले, थेंबसुद्धा नको. हे ऐकत नाहीत. तुमच्याबरोबरच पितात ना..."

माझ्याबरोबरच! तिकडच्या अमिरातीत दारूबंदी, म्हणून दिवसाआड टॅक्सी करून इथे फुजैराला येतो. हॉटेलातली ती काळी एल — बिअरची थोरली बहीण म्हणायची, इंग्रजांच्या कुठल्याशा परगण्यातली जुनी गावठी चीज. जगू म्हणतो, वेंगुर्ल्याच्या माडीची आठवण येते. तीन-तीन ग्लास.

१३ जानेवारी

बोललो. हसला. "राजा, लेका, औषध आहे हे! माझा आजा रोज तांब्याभर माडी प्यायचा. नव्वदीला गेला, तोही माडावरून पडून!" मग मोबाइलमधले फॉरवर्ड दाखवले. हृदयाला बरी, हाडांना बरी. लिव्हरचं नाव कुठेच नाही.

डोळे मात्र पिवळे.

१५ जानेवारी

काउंटरवरच्या गोवेकराला बाजूला घेऊन विनवलं — बिनदारूचं काळं माल्ट, पण त्याच ग्लासात. "अंकल, पकडा तो?" नाही पकडणार. करोनापासून जगूच्या जिभेची चव अर्धी गेलीय. मीही तेच घेतलं. फसवतोय खरा; फक्त वहिनींना सांगून ठेवलंय. देव बघून घेईल.

प्यायला. ओठ पुसले. "आज कडक आहे हां!" तिसऱ्या ग्लासानंतर झोकांडीसुद्धा खाल्ली!

२ फेब्रुवारी

जगू आज न थांबता दोन जिने चढला.

५ एप्रिल

रिपोर्ट आला. सूज उतरली! वहिनी फोनवर रडल्या. मीही.

६ एप्रिल

हे भलतंच झालं. जगूने आमच्या म्हाताऱ्यांच्या ग्रुपवर रिपोर्टचा फोटो टाकला — "काळ्या एलचा गुण! डॉक्टर खलास!" सूर्यकांतने लगेच विचारलं, "बायपासनंतर चालते का रे?" जगू — "चालते? धावते, हबीबी!" सूर्यकांतला गुपचूप फोन करून मी खरं सांगून टाकलं. जगूला सांगायला जीभ रेटेना.

आणि तो तर आता कायमचा वेंगुर्ल्याला निघालाय. "दारात माड आहेत. रोज सकाळी ताजी माडी. शंभरी काढतो बघ!"

वहिनींना म्हटलं, सांगू या. "नको हो भावोजी! पुन्हा तोंड बघायचे नाहीत आपलं." खरंय. पण नाही सांगितलं, तर त्याचं तोंड मला किती दिवस बघायला मिळणार?

२० एप्रिल

शेवटची बैठक. त्याने ग्लास वर केला — "राजा, तू नसतास तर या डॉक्टरांनी मला कधीच पोचवलं असतं." अगदी ओठांवर आलं होतं. माल्टच्या घोटाबरोबर गिळलं.

२७ एप्रिल

गेले दोघं. विमानतळावर मिठी मारून म्हणाला, "तू पण ये, दोघं मिळून पिऊ."

२९ एप्रिल

फोनवर बोलणं जमणार नाही, म्हणून लिहूनच पाठवलं. जानेवारीपासूनचं सगळं. 'जगू, सूज उतरली ती न प्यायल्यामुळे रे.' वहिनींना यात ओढलं नाही, सगळं माझ्या माथी घेतलं. दोन निळ्या खुणा उमटल्या.

रात्री चारदा फोन उघडून पाहिला.

७ मे

वहिनींचा फोन. माडीवाल्याला जगूने आज दारातूनच परत पाठवलं. "पण बोलत नाहीत, भावोजी. तुमचं नावसुद्धा काढत नाहीत."

जगू, तब्येत कशी आहे? शिव्या घाल. पण लवकर लिही रे.