रेडिओ बारीक करा

प्रिय शेंडेफळा,

पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोनवर बोलायचा प्रयत्न मी करून पाहिला, पण मी ‘बाबा’ म्हटलं रे म्हटलं की तुझी मीटिंग सुरू होते. एवढ्या मीटिंगा आमच्या नगराध्यक्षांनाही नसतात. मेसेज केला तर तू अंगठा पाठवून मोकळा होतोस. पत्राला अंगठा पाठवता येत नाही, म्हणून हा उद्योग. सकाळचा कार्यक्रम संपवून मी स्टुडिओमागच्या खोलीत बसले आहे, तीच, जिथे मोडक्या खुर्च्या आणि जुने माइक टाकून ठेवतात. बसले आहे म्हणजे काय, दोन ओळी लिहिते आणि उठून खिडकीपर्यंत जाऊन येते. हल्ली माझं असंच झालंय. पायाला भिंगरी लागल्यासारखी फिरते आणि पोचत कुठेच नाही.

निवडणूक तोंडावर आली आहे, त्यामुळे कार्यक्रमाचा नुसता बाजार झालाय. आधी आपल्या शहराच्या बातम्या, म्हणजे कुठे पाणी येणार नाही आणि कुणाचं मांजर हरवलं. मग डॉक्टरीणबाई. त्या दातांवर बोलोत की डोळ्यांवर, फोन करणारा प्रत्येक जण शेवटी गुडघ्यावरच येतो. आणि मग राजकारण. काल दोन उमेदवार समोरासमोर बसवले होते, दोघांनी एकाच गटाराचं आश्वासन दिलं आणि ते आधी कुणी दिलं यावरून एकमेकांची उणीदुणी काढली. मी मध्ये बसून पाणी पीत होते. लोकांना वाटतं ताईंचं बरं आहे, बसल्या जागी बोलायचे पैसे मिळतात. येऊन बसा म्हणावं एक दिवस.

आमचा तो तंत्रज्ञ, कात्री, अजून आहे तसाच आहे. आम्ही बोललेलं शहराला काही सेकंद उशिरा ऐकू जातं, हे तुला मी मागे सांगितलं होतं. तेवढ्या फटीत त्याचं बोट बटणावर असतं. कुणी शिवी दिली, कुणी कुणाची बदनामी केली की बटण दाबायचं आणि जाहिरात लावायची. निवडणुकीत तर नियम आणखी कडक, श्रोत्याने कुठल्याही पक्षाचं नाव घेऊन स्तुती केली तरी कापायचं. आणि फोन लागला की सगळ्यांना त्याचं पहिलं वाक्य तेच, ‘आधी तुमचा रेडिओ बारीक करा.’ नाहीतर मागाहून येणारा आवाज फोनमध्ये शिरतो आणि सगळ्या गावाच्या कानठळ्या बसतात. ही रेडिओ बारीक करायची गोष्ट लक्षात ठेव, पुढे लागेल.

तर बाबा. घाई करून पान उलटू नकोस, मी तुला ओळखते. बाबा अजून फोन करतात, ‘टाकीजवळचे आजोबा’ म्हणूनच. तुला आठवतं ना ते कसं सुरू झालं? मला नोकरी लागली तेव्हा नियम होता की कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांनी कार्यक्रमात फोन करायचा नाही. बाबांना कुणी नाही म्हटलं की झालंच. दुसऱ्याच आठवड्यात पाण्याच्या टाकीजवळून कुणीतरी आजोबा बोलू लागले, रस्त्यावरच्या दिव्यांवरून नगरपालिकेला झापू लागले आणि जाता जाता मलाही सुनावलं की ताई, तुम्ही फार भरभर बोलता. मी चेहरा सरळ ठेवून धन्यवाद आजोबा म्हटलं. दुपारी जेवताना बाबाच मला सांगत होते, आज रेडिओवर कुणी म्हातारा त्या ताईंना चांगलं बोलला. आई तेव्हा होती, ती हसून हसून ताटावरून उठली होती. तेव्हापासून आमची अळीमिळी गुपचिळी. हवेवर आम्ही कधीही एकमेकांना ओळख दिली नाही, एवढंसं हसलोसुद्धा नाही. या वयात माणूस इतका बेमालूम नट निघेल असं वाटलं नव्हतं.

आणि त्याच टाकीजवळच्या आजोबांनी तुझी अब्रू काढली. विसरले नाहीये मी. तू त्या पक्षाचं पत्रक लिहिलं होतंस, नाल्यावर वर्षभरात पूल होणार म्हणून. वर्ष गेलं, पूल नाही. बाबांनी भर कार्यक्रमात सांगितलं की ते पत्रक लिहिणारा पोरगा खोटारडा आहे आणि लाज वाटते सांगायला, तो माझ्याच घरात जेवतो. नाव घेतलं नाही म्हणून कात्रीने कापलं नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, मी काय बोलणार होते? तू स्वयंपाकघरात उभा राहून ऐकत होतास म्हणे, तसाच आत जाऊन बॅग भरलीस. तुझं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. तुला वरून जे सांगितलं तेच तू लिहिलंस, आणि खरं मानून लिहिलंस. पण बाबांनाही ती जखम झाली, तू गेल्यावर बरेच दिवस त्यांनी फोन केला नाही. नंतर सुरू केला तो फक्त दिव्यांसाठी. पुलाचं नाव काढायचे नाहीत.

थांब, पाणी पिऊन आले.

आता जे सांगते ते मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही, शेजारच्या काकूंना माहीत आहे, कारण मी कामावर असते तेव्हा त्या बाबांपाशी असतात. वर्षभरापूर्वी एका दुपारी मी घरी आले तर बाबा दार उघडून म्हणाले, अरे वा, ताई, तुम्ही इकडे कशा? मला वाटलं, चला, आज नाटक घरात रंगणार. मीही म्हटलं, आजोबा, तुमच्या दिव्यांची पाहणी करायला आले. ते आत गेले आणि पाहुण्यांसाठीच्या काचेच्या ग्लासात, ताटलीवर ठेवून पाणी घेऊन आले. खुर्ची पुसून दिली. रेडिओवाले येण्याजाण्याचं भाडं देतात का, अशी चौकशी केली. मी हसतच होते. मग त्यांनी अगदी अदबीने विचारलं, तुमच्या घरी कोण कोण असतं? आणि माझं हसू कुठल्या कुठे पळालं. ते खेळत नव्हते रे. कधीपासून खेळत नव्हते ते मला आजही सांगता येणार नाही. ज्या माणसाने इतकी वर्षं मला न ओळखण्याचं सोंग इतकं हुबेहूब वठवलं, तो खरंच ओळखेनासा झाला हे मला कळणार कसं?

डॉक्टरीणबाईंना कार्यक्रमानंतर गाठून विचारलं. त्यांनी तपासण्या केल्या, औषधं दिली आणि गोड शब्दांत सांगितलं की हे हळूहळू असंच जाणार. मधूनच एखाद्या संध्याकाळी ते मला माझ्या लहानपणच्या नावाने हाक मारतात आणि मी हातातलं काम टाकून धावते, तोवर ती ओळख गेलेली असते. बाकी वेळी मी त्यांना रेडिओवरच्या ताई. तू मात्र त्यांना पक्का आठवतोस. धाकटा कॉलेजातून आला का, धाकट्याने खाल्लं का. सांगूनच टाकते, मला संताप येतो. इथे राहून औषधं देते मी, पाय चेपते मी, आणि घरात नाव गाजतंय तुझं. एकदा तर मी भांडं आपटलं. मग त्यांनी माझी माफी मागितली, परक्या बाईची मागावी तशी, आणि मी मोरीत जाऊन रडले.

पूल झालाय, हे तुला कळलंय का? गेल्या महिन्यात, आचारसंहिता लागायच्या आदल्या दिवशी उद्घाटन झालं, तुझ्याच त्या पत्रकवाल्या पक्षाने केला. उशिरा केला, पण केला. काकू बाबांना संध्याकाळी त्यावरून फिरवून आणतात. पहिल्या दिवशी ते कठड्याला हात लावून खूप वेळ उभे होते म्हणे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीजवळच्या आजोबांचा फोन आला. आवाज एकदम पूर्वीचा, खणखणीत. म्हणाले, ताई, पूल झाला, त्या पक्षाने शब्द पाळला. आणि त्यांनी पक्षाचं नाव घेतलं. मी काचेपलीकडे पाहिलं, कात्रीने बटण दाबलं होतं. बाहेर गादीची जाहिरात सुरू झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी! पण नियम होता, त्याचं काही चुकलं नाही. बाबांचा फोन मात्र माझ्या कानात चालूच होता, आणि ते पुढे जे बोलले ते फक्त मी ऐकलं. म्हणाले, माझ्या मुलाने लिहिलं होतं ते खरं निघालं. मी त्याला सगळ्या शहरासमोर खोटारडा म्हटलं, म्हणून आज सगळ्या शहरासमोर त्याची माफी मागतो. तो कुठे असेल तिथून ऐकत असेल तर त्याने एक फोन करावा.

त्यांचा रेडिओ बारीक होता. कापलं गेलं हे त्यांना कळलंच नाही.

त्या दिवसापासून त्यांना वाटतंय की तू ऐकलंस. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही, पण हे कसं कोण जाणे रुतून बसलंय. रोज कार्यक्रमात फोन येतो, दिव्यांचं नाही, गटाराचं नाही. फक्त विचारतात, ताई, त्याचा फोन आला का? मी म्हणते, अजून नाही आजोबा. ते म्हणतात, राग मोठा आहे त्याचा, बरोबर आहे, आणि ठेवून देतात. श्रोते मला दुकानात अडवून विचारतात की त्या आजोबांचं काय आहे. शेवटी मी मॅनेजरसाहेबांकडे गेले आणि सगळं ओकून टाकलं, आजोबा माझे वडील आहेत, काय शिक्षा करायची ती करा. ते म्हणाले, अहो, हे अख्ख्या स्टेशनला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, तुमचं नाक सेम आहे. आवाजावरून नाक कसं कळलं देव जाणे.

आता मी हे का लिहितेय ते ऐक. घरच्या फोनवर करून उपयोग नाही, तो वाजला की ते ‘आम्हाला काही नको’ म्हणून ठेवून देतात. माझ्या तोंडून निरोप दिला तर ताई दयाळू आहेत म्हणतील, खरं मानणार नाहीत. त्यांचा विश्वास उरलाय तो एका रेडिओवर. तेव्हा तू कार्यक्रमात फोन कर. मॅनेजरसाहेबांची परवानगी काढली आहे. क्षमा केलीस असं म्हणायची सक्ती नाही, अजून राग असेल तर तसं सांग, मी आहे सांभाळायला. नुसतं ‘धाकटा बोलतोय’ एवढं म्हटलंस तरी चालेल. मात्र हे पत्र पोचेल त्याच आठवड्यात कर, आज त्यांच्याजवळ जे आहे ते पुढच्या महिन्यात असेलच याची मला खात्री नाही. पक्षाचं नाव घेऊ नकोस, कात्री तयारच असतो. फोन लागला की तो तुलाही सांगेल, आधी तुमचा रेडिओ बारीक करा. तू कर. काकूंना मी सांगून ठेवलंय, आपला मोठा ठेवायचा.

तुझीच,
ताई
(सगळ्या शहराची, पण आधी तुझी)