चित्रातल्या लेकीची ओटी

मी, वनमाला दत्तात्रय मस्के, वय ६७, निवृत्त चित्रकला शिक्षिका, रा. नेकनूर, जि. बीड, कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवते. कर्करोग स्वादुपिंडात आहे, डोक्यात नाही. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१) राहते घर मुलगा सौरभ यास. समोरची खोली मुलगी राजश्रीची. तिथे राहायला तिने कोणाची परवानगी मागायची नाही.

२) दीर माणिकराव यांस काहीही नाही. राजश्रीला मी घराबाहेर काढले त्या दिवशी ते म्हणाले, "वैनी, घराची इज्जत राखली तुमी." ते मी ऐकून घेतले, याची मला लाज वाटते.

३) तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेले, अडीचशे वर्षांपूर्वीचे विलायती चित्र राजश्रीस. माझ्या वडिलांनी ते हैदराबादच्या जुन्या बाजारातून आणले होते. त्यात बाप दाराकडे बोट दाखवतो, मुलगी पुढचे वस्त्र ओंजळीसारखे धरून उभी, आई तिच्यासमोर वाकलेली आणि एक तरुण खुर्चीत निवांत. खालचा मजकूर वाळवीने खाल्ला, म्हणून अर्थ मीच लावला. तीस वर्षे वर्गात सांगितले: मुलगी चुकली, आई दागिने काढून घेते आहे, बोध घ्या. राजश्री आठवीत माझ्याच वर्गात होती. तिने विचारले, "बाई, त्या पोराला काहून न्हाई भाईर काडलं?" मी तिला तासभर उभे केले. एकोणिसाव्या वर्षी तिला दिवस गेले, तेव्हा मी चित्रातला बाप झाले. तिला फसवणारा आजही बाजारात उजळ माथ्याने फिरतो. ती बारा वर्षे लातूरला आहे, माझा फोन घेत नाही.

४) शिलाई मशीन शाळेच्या शिपाई भामाबाई यांस, घेणाऱ्याची साक्ष चालत नाही, त्यामुळे त्यांना साक्षीदार करता आले नाही. गेल्या महिन्यात चित्र पुसताना त्या म्हणाल्या, "माय दागिनं कशाला काडंल? ओटी भरायली लेकीची." विलायतेत ओटी नसते, हे मला कळते. तरी भिंग घेऊन पाहिले. आईची मूठ खाली उघडते आहे. ती देतेच आहे. मी विधवा, ओटी भरायचा मान मला नव्हता. पण लेकीला वाटेवर खायला भाकरी द्यायला कोणी अडवले होते?

५) मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात, असे वकील सांगतात. हे सौरभने उद्याच्या पहिल्या एसटीने लातूरला नेऊन राजश्रीच्या हातात द्यावे.

साक्षीदार: सोमेश्वर जाधव, घड्याळ दुरुस्ती; विजयमाला शिंदे, शेजारीण.
नेकनूर, ११ ऑगस्ट २०२५.
सही: व. द. मस्के

राजू, डॉक्टर दिवाळीचं काही बोलत न्हाईत. लई उशीर करू नको. मी अजून हाय.