कॉम्प्युटरचं कव्हर

मंगळवार, १२ मार्च

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही सगळे मजेत. ह्यांचा गुडघा बरा आहे, त्यामुळे रोज संध्याकाळी फिरायला जातात आणि आल्यावर किती पावलं झाली ते सगळ्यांना ऐकवतात. लेक गणितात पास झाली. शाळेच्या गणवेशांचं काम या वर्षी इतकं आलं की शिवणाच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. तुमच्याकडची खुशाली आईकडून कळते. बाळ पालथं पडायला लागलं म्हणे.

फोनच केला असता. पण तू माझा फोन उचलत नाहीस, आणि उचललास तरी मी मुद्द्याचं सोडून बाकी सगळं बोलेन हे तुलाही ठाऊक आहे. म्हणून पत्र, आणि तेही तू जोडून दिलेल्या कॉम्प्युटरवर टाइप केलेलं. आता तो अगदी शहाण्यासारखा चालतो. कसा, ते सांगते. हसायचं असेल तर हस.

सात महिन्यांपूर्वी तू तो तपासायला आलास तेव्हा त्याची काय दशा होती आठवतं ना? एका मुलीची मापं उघडायला सांगावं, तोवर माझी एक बाही जोडून व्हायची. तू खाली वाकलास, डब्याला मागून हात लावलास आणि एवढंच म्हणालास, "ताई, हे कव्हर काढ. त्याला श्वास घेता येत नाहीये."

झालं! माझं डोकं फिरलं. ते कव्हर मी दोन दुपारी खपून शिवलं होतं. आतून फ्लॅनेलचं अस्तर, कडेला पायपिंग, खाली इलास्टिक, तारांपुरतं नेमकं एक भोक. धूळ जाऊ नये म्हणून केलेलं, तुझ्याच वस्तूच्या काळजीने. आणि तू त्याच्यावरच बोट ठेवलंस. मग मी काय काय बोलले ते पुन्हा लिहीत नाही. उरलेसुरले भाग बहिणीच्या माथी मारलेस, असंही म्हणाले. तू स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकलेस आणि चहा तसाच ठेवून गेलास.

त्यानंतर मी हट्टाने सगळे उपाय केले. फोटो पुसले. लेकीचे खेळ काढून टाकले, त्यावरून ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. हे म्हणाले, "बंद करून चालू कर." यांच्याकडे जगातल्या सगळ्या दुखण्यांवर हा एकच उपाय आहे. बंद करून चालू केला की सकाळी अर्धा तास बरा चालायचा, मग पुन्हा रडगाणं.

गेल्याच्या गेल्या रविवारी साफसफाई काढली. ह्यांनी पडद्यांबरोबर ते कव्हरही धुवायला टाकलं. ते वाळेपर्यंत डबा दिवसभर उघडा होता, आणि दिवसभरात फार थोडा अडला. दुसऱ्या दिवशी मी कव्हरला इस्त्री केली, घातलं, आणि तासाभरात गाडी बैलगाडी झाली. काढलं, सुधारला. घातलं, अडला. तीन वेळा करून पाहिलं, कारण पहिल्या दोन वेळी मला ते खरं मानायचं नव्हतं.

मग वायर काढून आम्ही दोघांनी बाजूचा पत्रा उघडला. धाकट्या, आतला पंखा दिसतच नव्हता! त्यावर कापडाच्या तंतूंचा थर बसला होता, चांगला बोटभर जाड. करडा, निळा, मध्ये थोडा लाल. चार वर्षांत मी शिवलेले सगळे गणवेश तिथे ओळखू येत होते. डबा मशीनच्या पायाशीच ठेवलेला ना, पायपुसण्यासारखा सगळा कचरा त्यानेच ओढून घेतला. रंगाच्या कोऱ्या ब्रशने हळूहळू साफ केला. आता तो जेवणाच्या खोलीत उंच स्टुलावर बसतो, उघडाबोडका. दिवसभर एकदाही अडला नाही. इतका आनंद झाला मला की मी ह्यांना उगाचच सगळी मापं उघडून दाखवली.

तुझे भाग उत्तम होते. तू बरोबर होतास. इथे पत्र संपवलं असतं तर मला फार सोपं गेलं असतं.

आता खरं ते लिहिते. तू गेलास त्याच आठवड्यात शाळेच्या हेडबाई गणवेशाचा नमुना बघायला आल्या होत्या. शाळेच्या कॉम्प्युटरांची देखभाल तुला द्यायचं त्यांच्या मनात होतं, तू तेव्हा वाटच बघत होतास. माझा कॉम्प्युटर अडला होता. त्यांनी विचारलं, "हा तुमच्या भावानेच जोडला ना?" माझा राग ताजाच होता. मी म्हणाले, "त्यानेच. चालतो कसा ते तुम्हीच बघा." एवढंच बोलले. खोटं एक अक्षर नाही, आणि तरी याहून वाईट मी आयुष्यात काही बोलले नसेन. त्यांनी काम दुसऱ्याला दिलं.

तुला वाटलं, तुझ्यातच काही कमी आहे. आई सांगत होती, हल्ली साधी दुरुस्तीसुद्धा तू तीनतीनदा तपासतोस. हे ऐकून मी उठून आत गेले, पण तोंड उघडलं नाही. सात महिने नाही उघडलं.

काल शाळेत गेले. तो तंतूंचा गोळा पिशवीत घालून नेला आणि हेडबाईंच्या टेबलावर ठेवला. सगळं सांगितलं, माझं बोलणंही. त्यांनी तो गोळा पेन्सिलीने उलटापालटा करून पाहिला. मग म्हणाल्या, "यंदाचं काम मी काढून घेणार नाही, त्या माणसाचा काय दोष? पण पुढच्या वर्षाचं ठरवताना तुमच्या भावाला बोलावीन. आणि तुम्हाला नाही विचारणार." बरोबरच केलं त्यांनी.

तू रागावशील. रागाव, मी या वेळी उलट उत्तर देणार नाही. येत्या रविवारी मी तुझ्याकडे येते आहे. आत घेतलं नाहीस तर दारातूनच सांगेन, आणि तुझ्या बायकोला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगेन: शाळेचं काम याच्या हातातल्या खोटीने गेलं नाही, माझ्या जिभेने गेलं.

तुझं काम घालवलेली आणि तरी तुझीच,
ताई