उणे चाळीस ओळींचा कर्मचारी

तीर्थरूप काकांना,

पुतण्याचा साष्टांग नमस्कार (पाठ धरली आहे, त्यामुळे मनातल्या मनात). गुडघा कसा आहे? काकूंना कमी ऐकू येतं असं तुम्ही कळवलंत. काकू कळवतात की येतं सगळं, पण तेच ते किती ऐकायचं. आम्ही मजेत. माझी नोकरी तेवढी जायच्या बेतात आहे.

त्याचं असं झालं. आपल्या कंपनीत (तुम्ही निवृत्त झालात तरी आपल्याच) प्रत्येकाच्या हाताखाली फार तर दोन माणसं, एक डावीकडचा, एक उजवीकडचा, त्यांच्याखाली पुन्हा तसेच. तुम्हाला काय सांगायचं, ह्यालाच बायनरी ट्री म्हणतात. एकूण माणसं मोजणारं, संगणकाच्या सी भाषेतलं एक जुनं फंक्शन आहे. प्रत्येकाने हाताखालच्यांना आकडा विचारायचा, स्वतःचा एक मिळवायचा आणि वर सांगायचा. पण ज्या महाभागाने ते लिहिलं तो भारीच भिडस्त असावा. डावीकडे कोणी आहे का, उजवीकडे आहे का, दोघे आहेत का, दोघेही नाहीत का, अशी आधी चौकशी, मग प्रश्न. बेचाळीस ओळी! आणि एवढं करून ज्याच्यापासून मोजायला सुरुवात करायची तो तरी आहे का, हे पाहायचं राहिलंच. परवा नवी शाखा उघडली, तिथे अजून शिपाईसुद्धा नेमलेला नाही. फंक्शन तिथे गेलं आणि आडवं झालं. सगळ्या कंपनीची हजेरी अडकली.

मी त्या बेचाळीस काढून दोन ओळी लिहिल्या. समोर कोणी नसेल तर शून्य. असेल तर डावीकडचे अधिक उजवीकडचे अधिक एक. आधी चौकशी नाहीच, थेट जायचं. कोणी नसलं तर शून्य मिळेल, आपलं काय जातं? हजेरी सुरू झाली. शाबासकी घ्यायला गेलो तर साहेब म्हणाले, "अहो, नसलेल्या माणसाला विचारणार तरी कसं?" मी म्हटलं, "तुमच्या केबिनवर आम्ही रोज अकरापर्यंत टकटक करतोच की." (जीभ आवरायला हवी होती, मान्य.) साहेबांनी लगेच महिन्याचा तक्ता काढला. इथे काम ओळींवर मोजतात. शेजारच्या टेबलावरच्याने तीनशे लिहिल्या. माझ्या नावावर उणे चाळीस. मला कायम करायचं की घरी पाठवायचं ते सोमवारी ठरणार आहे. मूळ लेखकाची लेखी संमती आणली तर माझ्या दोन ओळी राहतील आणि मीही राहीन, नाहीतर बेचाळीस परत येतील.

काकूंना नमस्कार.

आपला पुतण्या
(कंपनीत तात्पुरता, घरात कायम)

ता.क. फंक्शनच्या डोक्यावर लेखकाचं नाव आहे. तुमचं. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पण आधीच सांगितलं असतं तर पत्राची तिथेच घडी घातली असतीत. सोबतच्या कागदावर सही करावी.

ता.क. २. सही पोस्टाने पाठवू नका, घेऊन या. दोन वर्षं झाली, दर रविवारी फोन करून "आहात का घरी सगळे?" विचारता, कोणी ना कोणी बाहेर असतं आणि तुमचं येणं राहून जातं. तुमची फार आठवण येते, काका. ह्या वेळी न विचारता या आणि बेल वाजवा. दार नाही उघडलं तर शून्य धरा. सोमवारच्या आत आलात तर नोकरी वाचेल. नंतर आलात तर मी घरीच सापडेन.